सयामच्या आगगाड्या आणि रुळांचे माप



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा आम्ही चकितच झालो. विषय कोणता घ्यावा म्हणून विचारले, तर उत्तर आले, "तुम्हांला जे येते त्यावर बोला." आता आम्हांला येते ते एकच. फलाटावर उभे राहून गाड्या पाहणे. इंजिन कोणत्या कारखान्याचे, डबे किती, मालगाडी असली तर वाघिणींत काय भरले आहे, हे वहीत टिपून घेणे. घरच्या मंडळींच्या मते हा छंद नसून खोड आहे आणि तिच्यावर औषध नाही. ह्या व्यासपीठावरून आपण तत्त्वज्ञान ऐकले असेल, अर्थशास्त्र ऐकले असेल. आज तासभर इंजिने आणि वाघिणी ऐकून घ्याव्या लागतील. त्याही परदेशातल्या.

परदेश म्हणजे थायलंड. जुन्या पुस्तकांत त्याला सयाम म्हणत. १९३९ साली त्याने आपले नाव बदलले. तेथे जाण्याआधी मात्र आपल्याला थोडा वेळ मनमाडला थांबावे लागेल. गाडी बदलायची आहे.

आमच्या लहानपणचे पुष्कळ दिवस मनमाडच्या फलाटावर गेले. मुंबईहून येणारी मोठ्या मापाची गाडी आणि त्या वेळच्या औरंगाबादकडे, जालना-परभणीकडे जाणारी, निजामाच्या अमदानीत सुरू झालेली छोट्या मापाची गाडी ह्यांची तेथे गाठ पडे. गाठ पडे म्हणजे एवढेच की दोघी शेजारीशेजारी उभ्या राहत. एकीचे चाक दुसरीच्या रुळांवर बसत नसे. मोठीचे रूळ साडेपाच फुटांवर, छोटीचे एक मीटरवर, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. मग उतारूंनी बोचकी सावरीत फलाट बदलावा आणि मालाचे एकूणएक पोते हमालांनी पाठीवर घेऊन ह्या वाघिणीतून त्या वाघिणीत टाकावे. शाळेतल्या आम्हां मुलांना ती गंमत वाटे. ज्यांच्या पाठीवर पोती होती त्यांना काय वाटे, हे विचारण्याचे वय नव्हते. पुढे १९९०नंतरच्या वर्षांत ती लाइन रुंद झाली आणि छोटी गाडी गेली.

म्हणून काही वर्षांपूर्वी बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनात आम्ही प्रथम उभे राहिलो, तेव्हा १९१६ साली उघडलेल्या त्या इमारतीची मोठी कमान सोडून आमची नजर आधी खाली रुळांकडे गेली. एक मीटर! आपल्याकडे जी जवळजवळ संपली, ती आमची मीटरगेज तेथे सबंध देशभर नांदत होती. सुमारे चार हजार किलोमीटरचे जाळे, आणि सारे एकाच मापाचे. उत्तरेस चियांग माय, ईशान्येस नोंग खाय आणि उबोन, पूर्वेस कंबोडियाची सीमा, दक्षिणेस थेट मलायाची हद्द. लहानपणीचा सवंगडी परमुलखात धडधाकट भेटावा, तसे आम्हांला झाले.

पुढचे काही दिवस आम्ही आमच्या खोडीत घालविले. सयामी गाड्यांचे चार वर्ग मानतात: साधी, जलद, एक्सप्रेस आणि खास एक्सप्रेस. आमचे मत विचाराल तर पाहुण्याने साधीच धरावी. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बाक, उघड्या खिडक्या, छताला पंखे. आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनात टोपली घेऊन चढणारे फेरीवाले. भाजलेली कोंबडी, चिकट भात, कापलेली फळे आणि बर्फ घातलेले सरबत. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाचा निभाव फळांवर आणि भातावर लागतो, पण लागतो. २००८ सालापासून २०१७ पर्यंत तेथल्या सरकारने तिसऱ्या वर्गाच्या कित्येक गाड्या आपल्या नागरिकांना फुकट ठेवल्या होत्या. गाड्यांना उशीर होतो. त्याबद्दल तेथील लोक जे बोलतात ते आपण आपल्या गाड्यांबद्दल बोलतो त्याहून निराळे नाही.

दुसऱ्या वर्गाचा शयनयान पाहण्याजोगा आहे. आपल्याकडे निजण्याच्या फळ्या बहुतेक गाडीला आडव्या असतात. तेथे त्या गाडीच्या लांबीशी समांतर, मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना, खाली एक व वर एक. दिवसा समोरासमोर दोन आसने. रात्र झाली की सेवक येतो, कळ ओढून आसनांची शय्या करतो, पांढरी चादर घालतो आणि हिरवा-निळा पडदा सोडून देतो. मीटरगेजच्या अरुंद डब्यात ही युक्ती फार सोयीची. पडद्याआड निजलेले चाळीस उतारू आणि मधून चालणारा एकटा तिकीट तपासनीस, हे दृश्य पाहून नाटकाच्या विंगेत आल्यासारखे वाटते.

इंजिने म्हणाल तर अठरापगड. १९६०च्या दशकातली अमेरिकन, नंतरची फ्रेंच, जपानी हिताची आणि अलीकडे आलेली चिनी. ब्रिटन आणि कोरियातून आलेल्या डिझेल मोटारगाड्या निराळ्याच. २०२१ साली तर जपानच्या होक्काइदो बेटावरचे, बर्फात आयुष्य काढलेले सतरा डबे सयामच्या उन्हात येऊन दाखल झाले. जपानचे माप १,०६७ मिलिमीटर, सयामचे १,०००. फरक जेमतेम चार बोटांचा. पण त्या चार बोटांपायी प्रत्येक चाकाची जोडी कारखान्यात नेऊन जवळ आणावी लागली.

सकाळी आठ वाजता एका स्टेशनात आम्ही असेच इंजिनाचा क्रमांक टिपीत होतो. ध्वनिक्षेपकातून राष्ट्रगीत सुरू झाले आणि भाताचे डबे विकणारी बाई, शाळेची पोरे, झाडूवाला, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहिले. रोज सकाळी आठला आणि सायंकाळी सहाला हे घडते. गीत संपले, आणि बाईने अर्धवट राहिलेले सुटे पैसे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवले. ह्या लोकांचे राज्य परक्याच्या हाती कधी पूर्णपणे गेले नाही, ही गोष्ट आमच्या मनात तेव्हा आली; आणि पायाखालचे एक मीटरचे रूळ पाहून एक प्रश्नही आला. शेजारी ब्रह्मदेश इंग्रजांचा, तेथे मीटरगेज. मलाया इंग्रजांच्या छायेखाली, तेथे मीटरगेज. पूर्वेला फ्रेंचांचे इंडोचायना, तेथेही मीटरगेज. मग मधल्या स्वतंत्र राजाने तेच माप घेतले, ते आपखुशीने की नाइलाजाने?

उत्तर शोधू लागलो तेव्हा कळले की त्याने आधी ते घेतलेच नव्हते.

आगगाडी सयामात प्रथम आली ती खेळणे म्हणून. १८५०च्या दशकाच्या मध्यावर व्हिक्टोरिया राणीने मोंगकुट राजाला नजराणा पाठविला, त्यात आगगाडीची एक लहान प्रतिकृती होती. बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती आजही आहे. त्याचा मुलगा चुलालोंगकोर्न. हा १८७२च्या आरंभी, अठरा वर्षांचा असताना, हिंदुस्थान पाहावयास आला. कलकत्ता, दिल्ली, आग्रा करीत तो मुंबईस पोहोचला, आणि प्रवास केला तो आगगाडीने. मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली जाऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. म्हणजे सयामचा राजा खरी आगगाडी कशी असते हे आपल्या देशात अनुभवून गेला. त्याचबरोबर ती कोणाची आहे हेही त्याच्या नजरेतून सुटले असेल असे आम्हांला वाटत नाही.

पहिली गाडी सुरू झाली ती ११ एप्रिल १८९३ रोजी, बँकॉकपासून समुद्रकाठच्या पाकनामपर्यंत, एकवीस किलोमीटर. ही खाजगी मंडळीची. सयामच्या नौदलात नोकरीस असलेला रिशेल्यू नावाचा डॅनिश अधिकारी तिच्या मुळाशी होता. पुढची तारीख आपण लक्षात ठेवा. १३ जुलै १८९३. गाडी सुरू होऊन तीन महिने झाले होते. त्या दिवशी त्याच पाकनामच्या किल्ल्यासमोरून फ्रेंचांच्या दोन लढाऊ नौका गोळीबार करीत नदीतून वर घुसल्या आणि राजधानीपुढे नांगर टाकून बसल्या. त्या वर्षाच्या अखेरीस मेकाँग नदीच्या डाव्या तीरावरचा मुलूख, म्हणजे आजच्या लाओसचा मोठा भाग, सयामला सोडावा लागला. एका अंगास इंग्रज, दुसऱ्या अंगास फ्रेंच, आणि मधे हा देश, अडकित्त्यातल्या सुपारीसारखा.

अशा वेळी राजाने सरकारी लोहमार्ग घातला तो ईशान्येकडे, कोराटच्या पठारावर, म्हणजे जिकडून फ्रेंच येण्याचे भय तिकडे. खाते उभारले ते बेटगे नावाच्या जर्मनाच्या हाती. ना इंग्रज, ना फ्रेंच. आणि माप घेतले १,४३५ मिलिमीटरचे, युरोपातले प्रमाण माप. अभियंत्यांनी त्याची कारणे अभियांत्रिकीच्या भाषेत दिली असतील. आमच्या मते त्यात आणखी एक शहाणपण होते. शेजाऱ्याची गाडी आपल्या रुळांवर चढू शकत नाही, तर शेजाऱ्याची पलटणही गाडीत बसून एकदम आपल्या अंगणात उतरत नाही. २६ मार्च १८९७ रोजी बँकॉक ते अयुत्थया हा एकाहत्तर किलोमीटरचा पहिला टप्पा राजाच्या हस्ते उघडला. १९०० साली गाडी कोराटला पोहोचली. वाटेतल्या रानाचे नाव दोंग फाया फाय. तेथल्या तापाने किती मजूर खाल्ले, त्याच्या कथा अजून सांगतात. ज्या दिवशी पहिला टप्पा उघडला, तो दिवस तेथील रेल्वे दर वर्षी साजरा करते आणि जुनी वाफेची इंजिने काढून बँकॉकहून अयुत्थयेला उतारू घेऊन जाते. आमच्यासारख्यांची ती पंढरीची वारी.

दक्षिणेकडे मात्र राजाचे काही चालले नाही. नदीच्या पश्चिम तीरावरच्या थोनबुरीपासून फेत्चबुरीपर्यंतची लाइन १९०३ साली उघडली ती एक मीटरची, कारण पुढे तिला मलायातल्या रुळांना भेटायचे होते. म्हणजे एकाच राजधानीत नदीच्या दोन तीरांवर दोन मापे! आमचे मनमाड तेथे अख्ख्या देशाचे झाले होते. फलाटाच्या जागी चाओ फ्राया नदी, एवढाच फरक.

दक्षिणेची लाइन पुढे नेण्यास पैसा हवा होता. तो इंग्रजांकडून आला. १० मार्च १९०९ रोजी बँकॉकमध्ये तह झाला. केडा, पर्लिस, केलांतान आणि त्रेंगानू ह्या चार मलाय संस्थानांवरचा हक्क सयामने इंग्रजांना सोडून दिला. इंग्रजांनी आपल्या प्रजेवर आपलेच कायदे चालविण्याचा तेथला अधिकार बराचसा आवरता घेतला. आणि दक्षिणेच्या लोहमार्गासाठी चाळीस लाख पौंडांचे कर्ज मिळाले. आम्ही रात्रीच्या गाडीने हाट यायला गेलो तेव्हा शुभ्र चादरीवर पडल्यापडल्या हाच हिशेब करीत होतो. चार संस्थाने गेली, गाडी आली. सौदा वाईट म्हणावा का? जो देश सगळाच जाण्याची भीती होती, तो उरला. पण त्या चार संस्थानांतल्या माणसांना कोणी विचारले होते, असे काही आमच्या वाचनात नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१७ साली सयाम पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरला आणि काल रेल्वे बांधणारे जर्मन आज कैदी झाले. चियांग मायच्या वाटेवर खुन तानचा बोगदा खणणारा आयझेनहोफर त्यांतलाच. तेराशे मीटरांहून लांब असलेला तो बोगदा १९०७ पासून चालू होता, तो १९१८ साली त्याच्या गैरहजेरीत पुरा झाला. बोगद्याच्या तोंडाशी त्याचे स्मारक आहे. गाडी तेथे थांबते आणि थंड वारा येतो. त्याच १९१७ साली उत्तरेची व दक्षिणेची अशी दोन खाती राजपुत्र पुरछत्र ह्यांच्या हाताखाली एक झाली. हे केंब्रिजला शिकलेले, इंजिनांची खरी जाण असलेले गृहस्थ. १९२८ साली स्वित्झर्लंडहून डिझेल इंजिने आणविणारे. आशियात तेव्हा डिझेल फारसे कोणास ठाऊक नव्हते. एका देशात दोन मापे चालणार नाहीत हे त्यांच्या काळात ठरले, आणि मोठे माप मोडून उत्तरेचे सारे रूळ एक मीटरवर आणले गेले. १९२७ साली चाओ फ्रायावरचा सहाव्या रामाच्या नावाचा पूल खुला झाला आणि दोन तीर जोडले गेले. १९३०पर्यंत काम पुरे झाले. खर्चाच्या व सोयीच्या दृष्टीने हाच निर्णय योग्य होता. आम्हीही त्या खुर्चीवर असतो तर हेच केले असते.

पण कुलूप काढले की ते सगळ्यांसाठीच निघते. १९४१च्या डिसेंबरात जपानी सैन्य सयामात उतरले. दक्षिणेस मलायाचे रूळ एक मीटर, मधे सयामचे एक मीटर, पश्चिमेस ब्रह्मदेशाचे एक मीटर. मधला डोंगराळ तुकडा तेवढा जोडला की सिंगापूरपासून ब्रह्मदेशापर्यंत गाडी सरळ जाते. हा तुकडा ४१५ किलोमीटरचा. १९४२च्या मध्यापासून १९४३च्या ऑक्टोबरापर्यंत तो रानातून, कडे फोडून काढला गेला. साठ हजारांहून अधिक युद्धकैदी त्या कामावर होते, त्यांतले बारा हजारांवर मेले. त्यांची गोष्ट चित्रपटामुळे जगाला माहीत आहे. त्यांच्याहून कितीतरी अधिक आशियाई मजूर होते. ब्रह्मी, मलाय, जावाचे, आणि मलायाच्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ, म्हणजे आपलीच माणसे. त्यांतले सुमारे नव्वद हजार मेले असावेत असा अंदाज करतात. कांचनबुरीच्या दफनभूमीत सुमारे सात हजार युद्धकैद्यांच्या खुणा ओळीने, निगुतीने राखल्या आहेत. बहुतेकांवर नाव, पलटण, वय. मजुरांची नावे अशी दगडावर आली नाहीत.

त्या लाइनीवर आज नाम तोकपर्यंत साधी गाडी जाते. क्वाय नदीच्या पुलावर प्रवासी उतरून छायाचित्रे काढतात. पुढे थाम क्रासेला लाकडी खांबांच्या पुलावरून, एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस नदी ठेवून, गाडी माणसाच्या चालीने सरकते. आम्ही वही काढली नाही. जपानी लष्कराने ह्या मार्गासाठी चाके जवळ आणून पाठविलेल्या नव्वद इंजिनांपैकी काही सयामात अजून राखून ठेवली आहेत. त्यांचे क्रमांक आम्हांला पाठ आहेत, पण तेथे ते उच्चारावेसे वाटले नाहीत.

असो. आता मालगाड्यांकडे वळतो, नाहीतर चालक म्हणतील की वाघिणींचे नाव काढून ह्यांनी इतिहासच सांगितला.

मालगाडी पाहावयाची तर केंग खोय जंक्शनला बसावे. भोवती चुनखडीचे डोंगर, सिमेंटचे कारखाने, आणि राखाडी रंगाच्या सिमेंटच्या टाक्या ओढीत जाणारी दुहेरी इंजिने. उत्तरेच्या लाइनीवर फित्सनुलोकजवळ बुएंग फ्रा नावाचे स्टेशन आहे. तेथून जवळच्या तेलक्षेत्रातले कच्चे तेल टाक्यांत भरून बँकॉकला येते. उलट बाजूस स्वयंपाकाच्या गॅसच्या पांढऱ्या टाक्या जातात. सर्वांत गजबज पूर्वेला, लाट क्राबांगच्या कोठारापासून लेम चबांग बंदरापर्यंत. लोखंडी पेट्यांच्या माळा एकामागून एक. आम्ही एका दुपारी पाने भरून टिपणे केली आणि मनात म्हटले, काय हा व्यापार! मग मुक्कामी येऊन आकडे पाहिले. देशात जेवढा माल हलतो त्यातला शेकडा दोन भागही रेल्वेने जात नाही. बाकी सारा सडकेवरून. फलाटावर उभे राहणाऱ्याला जग रुळांवर चालते असे वाटते, हा आमच्या छंदाचा दोष आहे.

शेवटी नोंग खाय. मेकाँगच्या काठचे टुमदार गाव, पलीकडे लाओस. मधे १९९४ साली बांधलेला मैत्रीचा पूल. तो मुळात सडकेचा. पण त्याच्याच मधोमध, डांबरात बसविलेले एक मीटरचे रूळ आहेत. २००९ साली त्यांवरून गाडी सुरू झाली. गाडी यावयाची असली की मोटारी दोन्ही टोकांस अडवितात, आणि लहानसे इंजिन रिकाम्या सडकेच्या मधून डौलात चालत जाते. ज्या तीरासाठी १८९३ साली तोफा झाडल्या गेल्या, तेथे आता रात्री बँकॉकला गाडीत बसलेला उतारू सकाळी उतरतो. २०२४च्या जुलैपासून ती गाडी थेट व्हिएन्तियानपर्यंत नेली आहे.

पण त्या तीरावर आता दुसरेच रूळ येऊन थांबले आहेत. ३ डिसेंबर २०२१ रोजी चीनमधल्या कुनमिंगपासून व्हिएन्तियानपर्यंतची, हजाराहून अधिक किलोमीटरची लाइन खुली झाली. तिचे माप १,४३५ मिलिमीटर. चुलालोंगकोर्न राजाने प्रथम घेतले होते तेच! आणि बँकॉकपासून कोराटपर्यंत, म्हणजे त्याच्याच पहिल्या वाटेवर, ह्याच मापाच्या वेगवान गाडीसाठी चिनी तंत्राने २०१७च्या अखेरीस काम सुरू झाले आहे. ते पुढे नोंग खायपर्यंत न्यावयाचे आहे. आज आम्ही बोलत आहो तोवर त्यावर गाडी धावलेली नाही. रूळ जुळले तर सयामचे दुरियान फळ न उतरता चीनच्या बाजारात जाईल, हे खरे. चीनचा माल न उतरता बँकॉकला येईल, हेही तितकेच खरे. तेथल्या वर्तमानपत्रांत कर्ज किती घ्यावे, अभियंते कोणाचे असावेत, जमीन कोणाची राहील, ह्यावर वर्षानुवर्षे वाद झाले. काहींना ते विलंबाचे लक्षण वाटते. आम्हांला त्यात १९०९ची आठवण दिसते. आपल्या पैशाने, आपल्या गतीने बांधू, असे म्हणून सयामी सरकारने कर्जाच्या अटींवर बराच काळ घासाघीस केली, ती आम्हांला तरी शहाणपणाची वाटली.

तोपर्यंत काय चालते? व्हिएन्तियानच्या दक्षिणेस एक मोठे आवार २०२२ साली सुरू झाले. एका बाजूस एक मीटरचे रूळ, शेजारी प्रमाण मापाचे रूळ. सयामची मालगाडी येऊन उभी राहते, शेजारी चिनी गाडी उभी राहते. वरून यंत्राचा हात येतो, पेटी उचलतो आणि पलीकडच्या गाडीवर ठेवतो.

नोंग खायच्या फलाटावर आम्ही अशा एका पेट्यांच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी कलिंगडाच्या फोडी विकणारी एक म्हातारी होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हांला तिची. आम्ही बोटांनी रुळांमधले अंतर दाखविले, मग पलीकडच्या तीराकडे हात करून दोन्ही हात जरा लांब नेले. तिला काय समजले कोण जाणे. तिने आमच्या लांब केलेल्या हातांच्या मापाचे अखखे कलिंगड काढून समोर ठेवले आणि पैसे मागितले. आम्ही ते घेतले. गाडी आली तेव्हा आमचे दोन्ही हात गुंतलेले होते, आणि इंजिनाचा क्रमांक वहीत टिपायचा राहून गेला.

आता चालकांना विनंती की सभागृहातले दिवे मालवावेत. थोडी छायाचित्रे आणली आहेत. पहिले खुन तानच्या बोगद्याचे आहे, आणि शेवटचे मनमाडचे. ते वडिलांच्या पेटीत मिळाले.